शी सिट्स आउटसाइड

"शी सिट्स आउटसाइड बिकॉज..." एवढं म्हणून मास्तर थांबायचे. उरलेलं वाक्य अख्खा वर्ग एका सुरात पुरं करायचा. "शी इज डर्टी!"

वाक्य माझ्यावर होतं. वऱ्हांड्यात पोत्यावर बसणारी मी एकटीच. महाराची पोर. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझाच असायचा.

अर्धं वाक्य मास्तरांनी फेकायचं, अर्धं आम्ही पुरं करायचं, ही त्यांची इंग्रजी शिकवायची रीत. वऱ्हांड्यातून फळा दिसत नसे, म्हणून मी कानांनी शिकले. शब्द सगळे येत होते. डबक्याचं पाणी डर्टी, हेही येत होतं. पण ताल धरून ओरडताना अर्थाकडे कोण बघतं? पोरी दाराकडे मान वळवून म्हणायच्या. मला वाटायचं, आपला आवाज चांगला म्हणून बघतात. एवढी मी येडी.

एका संध्याकाळी माय अंगणात विड्या वळत होती. मी तिच्यासमोर उभी राहून ठसक्यात वाक्य म्हटलं.

"का बोलून राहिली व? मराठीत सांग."

"ती बाहेर बसते, कारण ती घाण आहे."

तेंदूपानातली कातरी थांबली. "कोन बाहेर बसते?"

"मी."

"तू त रोज न्हाऊन जातेस," माय म्हणाली. "मंग तू काऊन म्हनलीस?"

मास्तर का म्हणाला, असं तिनं विचारलं नाही. तू काऊन म्हनलीस. मला राग आला तो आधी तिचाच. मग स्वतःचा. इतके महिने मी स्वतःच्या तोंडाने स्वतःवर थुंकत होते, आणि वर शाबासकीची वाट बघत होते! मास्तरांवरचा राग सगळ्यांत शेवटी आला. पण आला तो गेला नाही.

त्याच आठवड्यात शेवटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींची यादी वर जायची होती. पास झाले तर पुढे ट्रेनिंग, मग शाळेत नोकरी. नाही तर जन्मभर मायशेजारी बसून विड्या. हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग ओरडला. मी तोंड मिटून बसले. एक आवाज कमी पडला, तो मास्तरांना लगेच कळला. ते दाराशी आले.

"येत नाही का?"

"येते, गुरुजी."

"मग म्हण."

"नाही म्हणत."

त्यांनी लांबूनच रूळ फेकून मारला. हाताने मारलं तर विटाळ झाला असता ना! रूळ कोपराला लागला. मग त्यांनी यादी आणली, माझ्या नावावर टाक टेकवला आणि म्हणाले, "वाक्य पुरं कर, नाही तर नाव कापतो. शी सिट्स आउटसाइड बिकॉज..."

मी उभी राहिले.

"बिकॉज द मास्टर डज नॉट लेट हर इन."

कारण मास्तर तिला आत येऊ देत नाहीत. इंग्रजीत चूक काढायला जागा नव्हती. त्यांनीच तर शिकवलं होतं.

त्यांनी नाव कापलं. दोनदा रेघ ओढली.

घरी सांगितलं तेव्हा मायने हातातली विडी पुरी वळली. मग एवढंच म्हणाली, "उद्या जाशील का?"

"जाईन."

गेले. यादीतलं नाव कापून झालं होतं, म्हणजे मास्तरांकडे धाक दाखवायला आता काही उरलं नव्हतं. उंबरा ओलांडला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाकावरच्या दोघी किंचाळत उठल्या. "गुरुजी, ही आत आली!" मास्तर रूळ घेऊन धावत आले आणि दोन हातांवर थबकले. ओरडले, शिव्या दिल्या, शिपायाला हाक मारली. शिपाईही दोन हातांवरच थांबला.

मला उठवायचं तर मला शिवावं लागणार होतं. मी वही उघडली आणि फळ्याकडे बघत बसून राहिले.