खोडावरची खिडकी

कुंदाताई कोणाकडेही गेल्या की आधी अंगणातल्या झाडाचं खोड बघत, मग माणसांची विचारपूस. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात भिंग. भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या, तिथेही मुलाआधी आंबा तपासला आणि चहा यायच्या आत "हवा चांगली आहे, द्या पोरगी" म्हणून मोकळ्या झाल्या. "माणसं खोटं बोलतील, खोड नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माहेर नरखेडकडचं, नोकरी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवण्याची. निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा माझ्या जिवाला घोर होता. थंडी पडली की माझ्या चिनूची छाती वाजायला लागायची. त्यांनी मला हाताला धरून चौकातल्या आंब्यापाशी नेलं.

"मसाल्यात दगडफूल टाकते न वं तू? त्याच्याच जातीचं हे खोडावर राहते. याले मुळं नाही, हवेवरच जगते. हवा बिघडली की पहिले हेच मरते. पाह्य, इथं एक ठिपका नाही. अन् तू पोरीले काढे देऊन राहिली."

त्याच आंब्याखाली गल्लीचा सगळा पालापाचोळा रोज सकाळी प्लास्टिकसकट पेटायचा. दुसऱ्या दिवसापासून कुंदाताई त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या. कोणी काडेपेटी काढली की म्हणायच्या, "पेटव बापा, मी इथंच बसून आहे." लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, पण काडी कोणी ओढली नाही. हळूहळू कचरा गाडीत जायला लागला.

काही वर्षांनी खोडावर टिकलीएवढा राखाडी-हिरवा ठिपका उमटला. ताईंनी गल्लीभर संत्र्याची बर्फी वाटली. चिनूची छातीही त्या हिवाळ्यात शांत राहिली. मी दोन्हींचा संबंध लावून मोकळी झाले. ताई मात्र "अजून पाहू" म्हणाल्या.

आणि मग पुढच्या थंडीत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं. अधिवेशन आलं की आमच्या शहरातली झाडं गेरू-चुना लावून नटतात. रंगवणारा बादली घेऊन आला, तर ताई आंब्याला पाठ लावून उभ्या.

"मावशी, सरका न. साहेब लोक येऊन राहिले."

"येऊ दे. हा ठिपका पाह्य. हा जगला म्हणजे तुहे लेकरं बी नीट श्वास घेतील. रंगव तू, पण याले सोडून."

त्याने भिंगातून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि ठिपक्याभोवती चौकोनी खिडकी सोडून सगळं खोड रंगवलं.

पुढच्या पावसाळ्यात ताई गेल्या. मला फार पोरकं वाटलं. भिंग त्यांच्या मुलाने माझ्या हाती दिलं. थंडीत पुन्हा बादल्या दिसल्या, तशी मी भांडायच्या तयारीने चौकात धावले. तोच माणूस होता. रंगवून झालं होतं, आणि खिडकी गेल्या वर्षीपेक्षा मोठी होती.

"मावशी नाही दिसून राहिल्या," तो म्हणाला.

मी सांगितलं. मग सालीवर उडालेला चुन्याचा एक थेंब त्याने ओल्या फडक्याने टिपून घेतला.

"एवढी जागा काहून सोडली?" मी विचारलं.

"पसरून राहिलं न ते, ताई. पुढच्या साली अजून लागंल."