कुंकू लावलेली खोकी

वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. मी दहावीत असताना त्यांच्या पायावर लोखंडाचा रस सांडला. पाय राहिला, काम गेलं. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि हात जोडले. त्यानंतर आमचं घर आईच्या भाकऱ्यांवर चाललं.

आई राजारामपुरीतल्या एका खानावळीत भाकऱ्या थापायची. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. तिच्या शेजारच्या तव्यावर एक मावशी होती, आईपेक्षा वयाने मोठी, नवरा गेलेली, एकटी राहणारी. पीठ मळायला आणि भांडी आवरायला एक मुसलमान भाभी होती, आमच्याच गल्लीतली, दोन लहान पोरांची आई. उरलेली आमटी, कधी रश्शाचा तळ, तिघी वाटून घरी न्यायच्या. आमच्याकडे कित्येक वर्षं संध्याकाळची चूल पेटली नाही, कारण आईला दुसऱ्यांच्या चुलीपुढून यायला उशीर व्हायचा. तिच्या हाताला कायम ज्वारीच्या पिठाचा वास असायचा. कॉलेजात माझ्या वह्यांनाही तो येतो असं मला वाटायचं, म्हणून वह्या मी दप्तरात न ठेवता हातात धरायची. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात, पुरुष धरूनसुद्धा, पहिली. आईने हे भाजीवालीला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, खानावळीत जेवायला येणाऱ्या अनोळखी पोरांना सांगितलं. "आमची पोरगी बीकॉम हाय." गल्लीतली माणसं लाइटबिलं, कोर्टाचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आणायला लागली. मी वाचून सांगायची. जे कळायचं नाही तेही सांगायची, अंदाजाने. "मला कळत नाही" हे तीन शब्द त्या काळात माझ्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत.

पदवीवर मिळालेली नोकरी म्हणजे एका एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात बसणं. तिथे एक दिवस कॉलेजातली मैत्रीण आली. नवी पर्स, नवी चप्पल. म्हणाली, "अगं, तू इथं लोकांच्या मार्कलिस्टा छापत बसलीयस? रविवारी माझ्याबरोबर चल."

रविवारी स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये टाय बांधलेल्या माणसाने फळ्यावर एक गोल काढला, त्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, मग त्यांच्याखाली आणखी. "हे तुम्ही. हे तुमचे दोन हात." लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. फॉर्म इंग्रजीत होता, मागच्या बाजूला बारीक अक्षरात गच्च भरलेला. टायवाल्याने विचारलं, "वाचलंत ना मॅडम?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हणत होतं. मी म्हणाले, "हो, वाचलं," आणि सही केली.

माझे पैसे आईच्या भिशीतून आले. मग डावा आणि उजवा हात हवा होता, म्हणजे माझ्याखाली पैसे भरणारी दोन माणसं. मी कुठे शोधणार? मावशी आणि भाभी. दोघींनी एका शब्दाने विचारलं नाही की हे काय आहे. मावशीने तिच्या कानातली फुलं मोडली. भाभीने पोरांच्या शाळेसाठी आणि घरभाड्याच्या अनामतीसाठी साठवलेले पैसे काढले, नवऱ्याला न सांगता. मावशी अंगठा उठवताना म्हणाली, "तू वाचलंयस न्हवं? मग झालं की."

माझं, मावशीचं आणि भाभीचं, अशी तिघींची खोकी आमच्याच घरी आली. भांडी घासायचं द्रावण, साबण, टूथपेस्ट, ताकदीच्या पावडरचे डबे. आणि प्रत्येकीला वेगळ्या, सीलबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रेनिंगचं साहित्य, म्हणजे चार कॅसेटी आणि एक जाड फाइल. आईने खोकी ओळीने भिंतीशी मांडली. हळद-कुंकू कालवलं, प्रत्येक खोक्यावर पाच बोटं ओढली, मधोमध स्वस्तिक काढलं आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. आमच्याकडे मिक्सर आणला तरी कुंकू लागतं, पोराची सायकल आणली तरी लागतं. ते न लावता नवी वस्तू वापरायची, हे आईला ताट न धुता जेवण्यासारखं.

भाभी दारात उभी राहून बघत होती. आईचा हात तिसऱ्या, भाभीच्या खोक्यापाशी जरा अडखळला, तशी ती म्हणाली, "का ओ अक्का, माझ्या खोक्यानं काय घोडं मारलंय? लावा की त्याला बी."

सगळ्या हसल्या. खोबरं वाटलं. त्या दिवशी मी घरात मालकिणीसारखी फिरत होते.

पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. काही विकलं गेलं नाही. आमच्या गल्लीत भांडी राखेने घासत, फार तर साबणाच्या वडीने. द्रावणाची किंमत सांगितली की बायका तोंडाला पदर लावायच्या. "अगं, एवढ्यात नवी भांडी येतील की!" मी दाखवण्यासाठी माझं खोकं फोडलं, पावडर दुधातून पाजली, शेजारच्यांच्या टेपवर कॅसेटी वाजवल्या. कॅसेटमधला माणूस सांगायचा की नकार ऐकला की हसा. मी हसायची. मावशी आणि भाभीकडे टेप नव्हता, म्हणून त्यांच्या कॅसेटी पिशवीतच राहिल्या. त्यांची खोकीही तशीच होती. दोघी खानावळीतून सुटून कधी विकणार होत्या?

खानावळीचा मालक आईला रोज टोमणा मारायला लागला, "काय, भाकरीबरोबर साबण बी वाढू का आता पोरांस्नी?" आई भाकऱ्या थापत राहायची. मग भाभीच्या घरमालकाने अनामत मागितली. महिनाअखेरपर्यंत दिली नाही तर खोली सोडा. तिच्या नवऱ्याला अजून काही माहीत नव्हतं. ती आमच्याकडे आली, रडली नाही, फक्त विचारलं, "परत घेत्यात का गं ते?"

मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "असं निगेटिव्ह बोलायचं नसतं." दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाली, कंपनी माल परत घेतच नाही.

तेव्हा मी फॉर्मची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. कॉलेजच्या लायब्ररीत बसून, डिक्शनरी घेऊन, दोन दुपारी. शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत. तिथे सरळ लिहिलं होतं: तीस दिवसांच्या आत, आतल्या मालाचं सील शाबूत असेल आणि ट्रेनिंगचं साहित्य उघडलेलं नसेल, तर पैसे परत. मी सही केली त्या दिवशीही ते तिथेच होतं. तो तेविसावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षात खोकी घालून आम्ही शाहूपुरीतल्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. मी, आई आणि भाभी. मावशीचं अंग तापलं होतं. तिने माल परत करण्यासाठी अंगठा उठवलेला कागद दिला होता. दुसऱ्या मजल्यावर जिना चढताना आईने एक खोकं कमरेवर घेतलं होतं, पाण्याची घागर घेतात तसं. काउंटरपुढे रांग होती; चांगले कपडे घातलेली माणसं, एक-दोघं ओळखीचीही. आईच्या लुगड्यावर पीठ होतं. मी तिच्यापासून थोडी पुढे उभी राहिले.

काउंटरवरच्या दुसऱ्याच एका टायवाल्याने खोकं फिरवून बघितलं. बोटाने कुंकू खरवडलं. कुंकू तोपर्यंत वाळून तपकिरी झालं होतं, हळद पुठ्ठ्यात मुरली होती.

"हे काय आहे? तांबडा रस्सा सांडलाय का?"

रांगेतली माणसं हसली.

मी काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. शुद्ध मराठीत, कॉलेजातल्या आवाजात म्हणाले, "सॉरी सर. ते आईनं केलंय. ती अडाणी आहे, तिला काही कळत नाही."

आई माझ्या मागे हातभर अंतरावर होती. भाभीने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. न वाचता सही मी केली होती. कानातली फुलं माझ्यामुळे मोडली होती. त्या सगळ्या प्रकरणात नीट, मनापासून, जसं करायला हवं तसं कुणी काही केलं असेल तर ते आईने, आणि मी तिला चार माणसांत पुढे ढकलून स्वतः बाजूला झाले होते.

"खराब बॉक्स आम्हाला परत घेता येणार नाही," टायवाला म्हणाला. "पुढचे या."

आईने कमरेवरचं खोकं काउंटरवर ठेवलं. पुढचा माणूस सरकणार, तेवढी जागाच ठेवली नाही.

"व्हय पावणं, मी अडाणी हाय. मीच लावलंय त्ये. पर आत कुणी हात घातलाय काय? सील बघा की."

"मावशी, कंपनीचा नियम असतो."

"मग त्यो वाचून दावा. मला न्हवं. हिला दावा." तिने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "आमची पोरगी बीकॉम हाय."

तिने हे नेहमीच्याच आवाजात म्हटलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी फॉर्म काढला. इंग्रजी वाचताना जीभ अडखळली, एक शब्द चुकीचा उच्चारला, मागे कुणीतरी खाकरलं. वाचून झाल्यावर मराठीत सांगितलं, "सर, यात आतल्या मालाचं सील लिहिलंय. बाहेरच्या खोक्याबद्दल काही नाही. तुमच्याकडे दुसरा नियम असेल तर दाखवा. मला कळलं नाही तर समजावून सांगा."

तो फॉर्म घेऊन आत गेला. पाव तासाने बाहेर आला, खोकी उघडायला लावली, एकेक सील बघितलं, कॅसेटींच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उलटसुलट केल्या. मावशी आणि भाभीची खोकी आत गेली. माझं फोडलेलं होतं. ते त्याने पायाने बाजूला सरकवलं. बरोबरच होतं ते.

चेक तीन आठवड्यांनी आले आणि नवाच घोळ झाला. दोघींचं बँकेत खातंच नव्हतं. मी त्यांना घेऊन एका सहकारी बँकेत गेले. फॉर्ममधला एक रकाना मला कळला नाही, म्हणून क्लार्कला विचारला.

"शिकलाईसा किती?" त्याने विचारलं.

"बी.कॉम."

"आणि ह्ये कळंना व्हय?"

"न्हाय कळत. सांगा की."

त्याने सांगितलं. घरमालकाने भाभीला चेक वटेपर्यंत मुदत दिली; तेवढं तिच्या नवऱ्याने जाऊन बोलून घेतलं, कारण तोपर्यंत तिने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. तो माझ्याशी पुढे वर्षभर बोलला नाही. मावशीने फुलं पुन्हा केली नाहीत. "आता कान ओघळल्यात गं," म्हणाली आणि पैसे खात्यातच ठेवले.

आईची मी माफी मागितली नाही. त्या दिवशी रिक्षात तिने विचारलं, "भूक लागलीया काय?" आणि मी नाही म्हणाले. पुढे कधी विषय निघाला नाही. मी तो काढला नाही, आणि तिने काढावा अशी वेळ मी येऊ दिली नाही.

दोन्ही खोक्यांचे आणि दोन्हींच्या ट्रेनिंग साहित्याचे पूर्ण पैसे परत मिळाले. मावशी आणि भाभीच्या नावावर बँकेत पहिली खाती निघाली. भाभीची खोली राहिली. माझ्या खोक्याचे पैसे मिळाले नाहीत; ते आईच्या भिशीचे होते, आणि ते मी झेरॉक्सच्या दुकानातल्या पगारातून चौदा महिन्यांत फेडले.