मधले आठ टक्के

माझी आत्या बँकेत शिरली की शिपाई आधी मला खूण करतो, मग तिच्यासाठी पाणी आणायला जातो. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा प्रश्न ठरलेला. "मला ठेवीवर सहा टक्के देता, माझ्याच पोराकडून कर्जाचे चौदा घेता. मधले आठ गेले कुठे?"

आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झाली. हाती आलेली सगळी रक्कम आमच्याकडे मुदत ठेवीत आहे आणि त्या व्याजावर तिचं घर चालतं. तिचा मुलगा लेथवर यंत्रांचे सुटे भाग बनवतो. त्याचं कर्जही माझ्याच टेबलावर.

मी सांगून सांगून थकलो. ठेवींचा काही भाग नियमाने बाजूला काढून ठेवावा लागतो. पगार, भाडं, वीज आहेच. गावात बँका दोनच, त्यामुळे दर उतरवायची घाई कुणालाच नाही, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं. शिवाय काहीजण कर्ज बुडवतात, ते फेडणाऱ्यांच्या व्याजातून भरून काढावं लागतं.

"म्हणजे बुडवणार कुणी टग्या आणि भरणार माझा पोरगा? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

शेवटी तिने ठेवच मोडली. "मी त्याला दहाने देते. त्याचे चार वाचले, माझे चार वाढले. बसा तुम्ही हात चोळत."

हिशेबात चूक सापडेना, म्हणून मी जास्तच चिडलो. "आणि वसुली कोण करणार, आत्या?"

"आई आहे मी त्याची. वसुली कसली?"

मुलाने आमचं कर्ज फेडलं. आईला सुरुवातीचे हप्ते वेळेवर दिले. मग त्याच्या एका गिऱ्हाइकाने पैसे थकवले आणि इकडे हप्ता थांबला. हप्त्यापाठोपाठ त्याचं रविवारी आईकडे जेवायला येणंही थांबलं. आत्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेत होती, हे मला औषधवाल्याकडून कळलं. मी तडक तिच्या घरी गेलो.

"अगं, माग ना त्याच्याकडे! तोंडाला कुलूप लागलंय का?"

"मागितलं की तो मान खाली घालतो रे. त्यासाठी वाढवला का मी त्याला?"

डोकं फिरलं माझं. आत्येभावाला बोलावून झापलं, लेथ तारण घेऊन पुन्हा चौदानेच कर्ज दिलं आणि आत्याचे पैसे तिला परत करायला लावले. ठेव पुन्हा सहाने ठेवली. आता हप्ता चुकला की नोटीस मी काढतो. शिव्या घालत का होईना, तो भरतो.

परवा रविवारी आत्याने मलाही जेवायला बोलावलं. "लुटारू आहे याची बँक!" भाऊ ताटावरून गरजला. "नाहीतर काय! मेले आठ टक्के गिळतात," आत्या त्याला आग्रहाने वाढत म्हणाली. दोघं एकमेकांकडे बघून खदखदा हसले. माझ्याकडे मात्र भावाने जेवण संपेपर्यंत एकदाही पाहिलं नाही.