मामांची झाकलेली टोपली

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंझोरी गावात यापुढे कोणीही काहीही सांगितले तर ते तडक खरे मानले जाण्याचा धोका उत्पन्न झाला आहे. शंका घेणारा गावातला एकमेव माणूस, म्हणजे माझे सोनाजीमामा, गेल्या महिन्यात वारले. मला ही बातमी कारंज्याच्या बाजारात त्यांच्या शेजाऱ्याने दिली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तू स्वतः पाहिलं का?" मामा खूश झाले असते...

मामा मळेवाले. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. आणि संशय हे त्यांचं बारमाही आंतरपीक. दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी गावात खत विकणारे एक साहेब आले. पाटलांच्या मळ्यात त्यांनी दोन तुकडे घेतले, एकात पांढरी पूड टाकली, दुसरा तसाच ठेवला. पुडीच्या तुकड्यात वांगी अशी लगडली की आसपासची गावं बघायला लोटली. साहेबांनी भर चावडीत आकडे वाचले आणि पाटलांनी जाहीर केलं, की आता उन्हाळ्यात लेंडीखतासाठी वावरात मेंढ्या बसवायच्या नाहीत. धनगराला द्यायची ज्वारी विकून पूडच घेऊ. मिठूजी धनगर खांबाला टेकून ऐकत होता. त्याच्या घरची चूल त्याच ज्वारीवर पेटायची.

मामा उठले. "पाटील, औंदा मेंढ्या कोन्त्या तुकड्यात बसल्या होत्या?"

"पुडीच्याच."

"अन् पुडीसाठी तोच तुकडा साहेबाले कोनं देल्ला?"

"मीनं. पाहुण्याले काय खडकाळ वावर द्याचं?"

साहेब वहीत तोंड घालून बसले. लबाडी कोणीच केली नव्हती. पाटलांचं आदरातिथ्य तेवढं नडलं होतं.

निर्णय वर्षभर लांबला. पुढच्या हंगामात मामांनी आपल्या मळ्यात सारखे वाफे पाडले आणि कशात पूड टाकायची, कशात मिठूजीचं लेंडीखत, ते कवडी उडवून ठरवलं. वांगी तोडली की टोपलीच्या तळाला खूण करून, वर फडकं झाकून ती मामीकडे तोलायला द्यायची. मामीला खूण बघायची बंदी. मी हसलो तर म्हणाले, "मले लेंडी जिकावी वाटते ना बाबू... माहा हात तराजूवर जड पडन."

शेवटी पूड थोडी पुढे निघाली. मिठूजी समोरच बसला होता. मी हळूच म्हटलं, "मामा, हे चावडीत सांगायलाच हवं का?"

"मंग माह्यात अन् त्या साहेबात फरक काय?"

सांगितलं त्यांनी, जसंच्या तसं. मग म्हणाले, लेंडीचा कस दुसऱ्या वर्षी पिकात उतरते म्हणतात, तेही पाहून घेऊ, तवर मेंढ्या राहू द्या. स्वतःच्या विरुद्ध गेलेला आकडा सांगणाऱ्या माणसाचं गावानं ऐकलं. मिठूजीला त्याही उन्हाळ्यात ज्वारी मिळाली.

तेरवीला गेलो तेव्हा ती टोपली खुंटीला होती, फडक्यासकट. खाली बसलेले एकेक जण डोळे पुसत सांगत होते, सोनाजीचं कधी कोणाशी वाकडं नव्हतं. चार झाले, सहा झाले, सगळ्यांचं तेच. मामी इतका वेळ पदरात तोंड लपवून होती. सातव्याला तिला राहवलं नाही.

"ज्याहिच्यासंग भांडले ते आलेच कुठी? त्याहिले इचारा ना पयले."