अक्कांच्या उंबऱ्यावर खोकायची परवानगी

समोरच्या घरात विड्या वळणाऱ्या अक्का नसत्या, तर आज मी सोलापुरात नसतो. हे पहिल्यांदा लिहून टाकतो. कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझी चिडचिडच जास्त येणार, आणि त्या चिडचिडीत अक्कांचं सांगायचं राहून जायला नको.

अक्का माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या तेलुगू बोलणाऱ्या, सगळा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात गेलेला. मी माणदेशाच्या अंगाचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. गावाला जायचं तर एसटी बदलत बदलत जावं लागतं आणि शेवटी चालावंही लागतं. सातवीत शाळा सोडली. मेंढरांमागं कोण जाणार, असा घरात प्रश्न होता आणि त्याला मोकळा असा मीच सापडलो. पुढं मेंढरंही कमी झाली आणि मी सोलापूर गाठलं. टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागलो, अक्कांच्या समोरच्या घरात जिन्याखालची खोली भाड्यानं मिळाली. घरमालक वरच्या मजल्यावर. त्यांना मी काका म्हणतो. अजूनही म्हणतो.

मला खोकला आहे. कोरोनाच्या लई आधीपासून आहे. टॉवेल विणताना सुताची बारीक लव उडते. ती भुवयांवर बसते, डब्यातल्या भाकरीवर बसते, तशी छातीतही जात असणार. कारखान्यात सगळेच खोकतात. लूमच्या खडखडाटात कुणाचा खोकला कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तो आजार आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. लॉकडाऊन लागला, लूम बंद पडले, आणि माझा खोकला पहिल्यांदा माझ्या कानावर आला. गल्ली इतकी गप्प झाली होती की तो काकांच्याही कानावर गेला.

त्या दिवसांचा मला अजून राग येतो. टीव्हीवर सांगायचे, घरातच थांबा. जिन्याखालच्या खोलीत मी आधी फक्त झोपायला जायचो. आता दिवसभर तिथंच. उन्हाळ्यातलं सोलापूर, एक खिडकी आणि तीही बोळात उघडणारी. पंखा लावला की गरम वारा नुसता फिरायचा. भाजीची वेळ आज एक, उद्या दुसरी. एकदा चौकात माझ्या पोटरीवर पोलिसाची काठी बसली, तेव्हा मला कळलं की वेळ बदलली आहे. कारखान्याच्या मालकाला फोन केला की एकच उत्तर यायचं, "बघू, वरनं काही आलं की कळवतो." वर कोण बसलंय आणि त्याला आमच्या लूमचं काय माहीत, ते काही कळत नव्हतं. माझ्या लूमवर अर्धा विणलेला टॉवेल तसाच अडकून होता. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ असते, ती उंदरांना आवडते. रोज डोळ्यांसमोर यायचं, उंदीर एकेक धागा खातायत आणि मी इथं भिंतीकडं बघत बसलोय.

आणि फोन लावला की पलीकडून आधी कुणीतरी खोकायचं! मग हात धुवा, अंतर ठेवा. फोननं खोकलं तर चालत होतं. मी खोकलो की वरची खिडकी उघडायची.

एका सकाळी काका जिन्यात येऊन थांबले. तोंडाला रुमाल, वर आणखी एक रुमाल.

"काय रे, सारखा खोकतोस?"

"जुना हाय काका. लूमचा."

"लूम बंद हायत की आता. मग खोकला कशाचा?"

लूम बंद झाला तरी छातीतली लव कुठं जाणार, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

"हे बघ, वर काकूला साखर हाय. आम्हाला ही जोखीम नको. तू आपला गावाकडं जा."

मी भावाला फोन लावला. म्हटलं, येऊ का?

"ये की," तो म्हणाला. "पर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्यात. भायेरनं आलेल्याला शाळेत ठेवतेत."

"शाळेत?"

"व्हय. तेवढीच तुजी शाळा पुरी हुईल." तो हसला. मग म्हणाला, "आन खोकला ऐकला तर शाळेतबी घेत्याल का न्हाय, कुणाला ठावं."

म्हणजे गाव बंद आणि इथून निघ म्हणतायत. खोली गेली की दुसरी कोण देणार? त्या दिवसांत अनोळखी माणसाला पाणी द्यायला लोक घाबरत होते. आणि कारखाना कधी अचानक सुरू झाला, तर जो जवळ राहतो त्यालाच आधी हाक येणार. खोली गेली की माझं सोलापूर गेलं, आणि सोलापूर गेलं की घरी पाठवायचं काय? मी खोकला दाबायला लागलो. आमच्याच कारखान्यातला टॉवेल तोंडात धरायचो आणि आतल्या आत हिसके खायचो. डोळ्यांतून पाणी यायचं, बरगड्या दुखायच्या.

एका दुपारी अक्कांनी दारातून हाक मारली. "ओ तम्मी, हिकडं ये." तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. गल्लीतल्या माझ्या वयाच्या सगळ्यांनाच त्या तम्मी म्हणतात.

मी लांबच उभा राहिलो.

"काढ ते तोंडाचं. किती दाबतो रे? डोळे बघ, टमाटे झाले."

"काका वरडतेत, अक्का."

"वरडू दे. ताप हाय?"

"न्हाई."

त्यांनी मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू कागदावर घेतली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "वास येतो का बघ."

मी नाक खाली नेलं आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या.

"अय्यो, चांगला येतो की!" अक्का हसल्या. "उद्यापासून हितं बस. तू उंबऱ्याच्या बाहेर, मी आत. पानं कापून दे. तंबाखूच्या घरात खोकणाऱ्याला कोण विचारतंय?"

तेव्हापासून मी रोज अक्कांच्या उंबऱ्याबाहेर बसायला लागलो. भिजवून फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं घ्यायची, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि त्या मापानं कात्री चालवायची. जाड शीर मधे आली की अक्का पान परत फेकायच्या. "हे तुझ्या गावाला पाठव, मेंढरं खातील." शेजारची बाई तिच्या दारातून ओरडायची, "अक्का, नवीन कारागीर ठेवला काय?"

"व्हय. पगार न्हाई. नुसती खोकायची परवानगी दिली."

आणि मी खोकायचो. पोटभर खोकायचो. तंबाखूनं अक्काही खोकायच्या, शेजारचीही खोकायची, कुणी मान वर करून बघत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माणसात बसल्यासारखं वाटलं. विड्यांची कंपनी आधी बंदच होती. घरातली जुनी पानं बायका पुरवून पुरवून वापरत होत्या. मग परवानगी आली, गाडी गल्लीच्या तोंडाशी येणार, विड्या घेणार, पानं-तंबाखू देणार असं ठरलं. बायकांच्या जिवात जीव आला. फक्त ज्या गल्लीत पेशंट निघेल, तिथं गाडी येणार नव्हती.

हे मी मनावर घ्यायला पाहिजे होतं. नाही घेतलं. तंबाखूच्या धुळीनं माझा खोकला उलट वाढत गेला, आणि काका वरच्या खिडकीत बसून ऐकत होते.

एका सकाळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या. तोंडावर प्लास्टिकची काच, हातात ताप बघायचं मशिन. "इथं खोकणारं कोण हाय?"

"सगळेच," अक्का म्हणाल्या. "कुणाकुणाला नेती?"

"अक्का, मस्करी नको. तक्रार आलीय. मला न्यावंच लागतं." माझ्या बोटाला त्यांनी चिमटा लावून बघितला, कपाळावर मशिन धरलं. "सगळं बरोबर हाय ओ. माझे वडीलबी लूमवर होते, असंच खोकायचे. पण मी काय करू? टेस्ट केल्याशिवाय वरचे ऐकत न्हाईत."

परत वरचे. मला तर वाटायला लागलं होतं की सगळं जग एका जिन्याखाली राहतंय.

मी जातो म्हणालो. मला न्यायची गाडी यायच्या आत अक्का म्हणाल्या, "तोंड धू आधी. चांगला शर्ट घाल. फाटक्या माणसाला कुणी नीट विचारत न्हाई."

कुठल्याशा वसतिगृहात नेलं. नाकात काडी घातली आणि एका हॉलमध्ये ठेवलं. रिपोर्ट आज येईल, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आज येईल, त्याच्या पुढच्या दिवशीही आज येईल. खोकला आला की आसपासचे लोक आपापली चादर ओढून लांब सरकायचे, आणि त्यातले निम्मे स्वतःच खोकत होते. मला मरायची भीती वाटली नाही असं नाही. पण जास्त भीती वेगळीच होती. मी पॉझिटिव्ह निघालो तर गल्लीच्या तोंडाला पत्रे लागणार, विड्यांची गाडी फिरकणार नाही, आणि त्या सगळ्या बायकांच्या चुली माझ्यामुळं थंड पडणार. अक्कांनी मला बोलावलंच कशाला, असा त्यांचाही राग आला. चांगलं करणाऱ्या माणसाचा राग येतो, हे मला तिथं कळलं. तो राग लई वाईट असतो, कुणाला सांगताही येत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. सोडायला गाडी नव्हती. उन्हात चालत आलो. पायांपेक्षा डोकं जास्त तापलं होतं, पण मनात म्हटलं, चला, सुटलो.

खोलीला काकांचं कुलूप होतं. माझी ट्रंक, स्टोव्ह आणि अंथरुणाची वळकटी अक्कांच्या दारात ठेवलेली होती. बाहेर टाकलेलं सगळं अक्कांनी उचलून नेलं होतं.

मी खालून हाक मारली. "काका, निगेटिव्ह आलं."

"चांगलं झालं की," खिडकीतून आवाज आला. "पण आता तू दुसरीकडं बघ कुठंतरी."

"दुसरीकडं कुठं काका? सगळं बंद हाय."

"ते मला काय विचारतोस?"

खिडकी लागली. मी ट्रंकेवर बसलो. रडू आलं नाही. नुसतं वाटत होतं की कुणाला तरी धरून गदागदा हलवावं. पण हलवणार कुणाला?

अक्का उठल्या. सूप उचललं, टोपली उचलली, गल्ली ओलांडून गेल्या आणि काकांच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर मांडी घालून बसल्या. शेजारची बाई तिचं सूप घेऊन आली, ती जरा लांब बसली. अक्कांनी तंबाखू पाखडायला घेतली. दुपारचा वारा बोळातून यायचा आणि जिन्यानं सरळ वर चढायचा.

थोड्या वेळानं काका तावातावानं खाली आले. "अक्का, हितं काय लावलंय हे?"

"हितं वारा येतो."

"तुमच्या दारात बसा की!"

"माझ्या दारात तम्मीचं सामान हाय. बसू कुटं?"

काका काहीतरी मोठ्यानं बोलायला गेले, त्यासाठी त्यांनी दम घेतला, आणि तो दम तंबाखूचा होता. ते खोकायला लागले. रुमाल सुटला. कठड्याला धरून, वाकून, डोळे पुसत खोकत राहिले. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं आली.

"ताई," अक्का शेजारणीला म्हणाल्या, "त्या आशाताईला फोन लाव गं. हितं एक जण लई खोकतोय."

"अहो, तंबाखू हाय ती!" काका ओरडले. "हा खोकला न्हाई!"

"मग काय हाय?"

गल्ली हसली. लॉकडाऊन लागल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती. काका हसले नाहीत, मीही हसलो नाही. वरून काकूंचा आवाज आला, "अहो, द्या की त्याची किल्ली. लोकं बघतेत."

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. वर जाऊन खिडकीतून खाली टाकली. ती माझ्या पायाजवळ पडली. हे मी विसरलेलो नाही. मी तिच्याकडं बघत उभा होतो, तेव्हा अक्का म्हणाल्या, "बघत काय बसलास? उचल. सामान मला परत उचलायला लावू नको."

नंतर कारखाना एका पाळीत सुरू झाला. पुन्हा बंद झाला, पुन्हा सुरू झाला. उंदरांनी खाल्लेला ताणा मीच कापून टाकला. सोबतचे निम्मे लोक गावाला गेले ते परत आलेच नाहीत. काका आता दिसले की जेवलास का विचारतात. मीही व्हय म्हणतो. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत, मी बोलत नाही. पण महिन्याच्या शेवटी जिन्यात पाऊल वाजलं की अजून वाटतं, आता म्हणतात की काय, दुसरीकडं बघ.

अक्कांची नजर कमी झाली आहे. वळलेल्या विड्यांतल्या बऱ्याच कंपनीत नापास होऊन परत येतात. त्यांचं घरही भाड्याचंच आहे, हे मला लई उशिरा कळलं. म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचं छप्परही दुसऱ्याचंच होतं. मी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "पानं काप, तोंड कमी चालव."

त्यांच्या तोंडावर मला पुढं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. अक्का, मी घर बांधणार आहे. कधी ते सांगता येत नाही. लूमचा काही भरवसा नाही आणि माझ्या छातीचाही नाही. पत्र्याचं का होईना, पण आपलं असेल. त्यातली रस्त्याकडची, उजेडाची खोली तुमची. तिथं बसून विड्या वळा नाहीतर नुसत्या बसा, तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही. तेवढं केल्याशिवाय मी सोलापूर सोडत नाही.