शेवटच्या अक्षरापासून

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या चंद्रपुरात कॉम्प्युटर म्हणजे जत्रेतला हत्ती. लोक नुसता पाहायला यायचे. मी एका छापखान्यात त्या यंत्रापुढे बसायचो. लांब कागदावर वीतभर अक्षरांत 'शुभविवाह' काढून दाखवला की काय माझा थाट!

ती अक्षरं पाहून एकदा शेजारचे चाचा आत आले. उर्दू शाळेतले निवृत्त मास्टर. काचबिंदूने त्यांची नजर झपाट्याने जात होती, नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"बेटा, एवढं मोठं उर्दूत निघते का? माह्याच एक शेर हाये. डोळे हाये तोवर एकडाव वाचून घेतो म्हनतो."

"निघते ना चाचा, काऊन नाई!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यंत्राला उर्दू येत नव्हती आणि मलाही. चाचांनी एकेक अक्षर मोठं काढून दिलं, मी चौकटीच्या कागदावर ठिपके भरून ते यंत्रात घातलं. इथवर ठीक. पण उर्दू चालते उजवीकडून डावीकडे, आणि हा ठोंब्या डावीकडूनच निघणार! पहिलं अक्षर दाबलं की ते ओळीच्या शेवटी जाऊन बसायचं. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी एकच वाट उरली. शेर शेवटच्या अक्षरापासून उलटा टाइप करायचा, आणि चाचांनी तो तसाच उलटा सांगायचा.

म्हातारा डोळे मिटून, एकेका अक्षराचं नाव घेत आपलाच शेर उलटा बोलू लागला. "ये... नून..." मध्येच अडकायचे. मग सुलटा गुणगुणून पुन्हा शेवटापासून. "काय तमाशा लावला बे तू," म्हणून हसायचे. मला हसू येत नव्हतं. त्या लिपीत एक अक्षर सुटलं की शेजारच्या दोघांचे आकार बदलतात, म्हणजे तेही पुन्हा घाला. आणि ओळ जमत आली की वीज गुल! आमच्या गावची वीज साऱ्या राज्याला जाते आणि आमच्याच घरी अंधार. सगळं पुसलं जायचं. संताप यायचा, रडूही यायचं. तिकडे चाचा दर खेपेला भिंत जास्त चाचपडत येत होते.

उन्हाळा सरता सरता एकदाचा कागद निघाला. मी त्यांना दाराशी उजेडात नेलं. त्यांनी कागद नाकाशी धरला, मग लांब धरला.

"काळं काळं दिसून राह्यलं," म्हणाले. "तूच वाच बेटा. बरोबर निघाला का, सांग मले."

ऐकून ऐकून शेर मला पाठ झाला होता. कागदावर बोट फिरवत मी तो म्हणून टाकला. चाचा वाकून माझा हात पाहत होते.

"बोट उलटं चालून राह्यलं बेटा तुह्यं," ते हळूच म्हणाले.

मी बोट उजव्या टोकाला नेलं आणि तिथून शेर पुन्हा म्हटला. कागदावर तोच होता की नाही, कोण जाणे. त्यांना अक्षरं दिसत नव्हती आणि मला ती वाचता येत नव्हती.