खजुराच्या बागेतलं घर

कुठल्याही जुन्या इमारतीत शिरल्यावर सुलभाताई कुलकर्णी प्रथम भिंतीवर तळहात टेकवत आणि मिनिटभर तशाच उभ्या राहत. शारजातल्या आमच्या कन्सल्टंट ऑफिसात त्या सीनियर ड्राफ्ट्समन होत्या, मी नवा इंजिनियर. "आधी हात लाव, मग बोल," असं त्या मला सारखं सांगायच्या.

सत्त्याण्णव साली रास अल खैमाजवळच्या एका खजुराच्या बागेतलं घर तपासायला मला पाठवलं. मालक अबू सालेम सत्तरीचे. त्यांच्या आजोबांनी ते उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधलं होतं. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या, वर वारा खाली आणणारा मनोरा. मोठ्या भिंतीला फुगवटा आणि लांब भेग. मी अर्ध्या तासात रिपोर्ट लिहिला: धोकादायक, पाडावं.

पाडण्याआधी नकाशा हवा म्हणून ताई आल्या. अरुंद खोल्या मोजताना म्हणाल्या, "छताचे वासे आफ्रिकेहून जहाजानं यायचे. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद." मग फुगलेल्या भिंतीवर हात ठेवला. "संजय, ही ओली आहे. वरून सिमेंट कुणी लावलं?"

अबू सालेम हिंदीत म्हणाले, "मैंने लगाया. बीस साल पहले. मजबूत होगा, सोचा."

त्या सिमेंटमुळे जमिनीतली ओल बाहेर पडत नव्हती. सगळं सिमेंट काढायचं, छताला टेकू द्यायचे आणि भेगेवर काचेची पट्टी चिकटवून वाट पाहायची, असं ताईंनी सुचवलं. भिंत सरकत असेल तर काच तडकेल.

"तडकली तर खलास?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तडकली तर पाडू. मी स्वतः सांगेन," ताई म्हणाल्या.

पूर्ण उन्हाळा आम्ही दर शुक्रवारी तिकडे जात होतो. माझा रिपोर्ट चुकीचा निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. सप्टेंबरात भिंत कोरडी निघाली. काच अखंड होती. अबू सालेमनी तिच्यावरून बोट फिरवलं, "अलहम्दुलिल्ला" म्हणाले आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

परतताना मी म्हणालो, "ताई, ऑफिसात माझी चूक सांगितली नाहीत तुम्ही."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मिरजेला असताना मी एक घर पाडायला लावलं होतं. भिंती चांगल्या होत्या, पाडताना कळलं. घरातली बाई रस्त्यावर उभी राहून बघत होती. तेव्हा मला थांबवायला कुणी नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भूक लागली रे. कुठे चांगला चहा मिळेल तिथे थांब."

दोन हजार तीनमध्ये त्या कायमच्या मिरजेला परतल्या. पण सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी, बागेतून परतताना, हायवेवरच्या टपरीत त्यांनी दोन पराठे खाल्ले. इतकं पोटभर जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.